मयतीला बोलणारा त्रिंबक

घनसावंगीपासून नऊ किलोमीटर आत, गोदावरीच्या अंगाला एक गाव आहे. तिथं त्रिंबक राहतो. वय साठीला टेकलेलं, अंग किडकिडीत, अडीच एकर कापूस-तूर आणि दारात सहा शेळ्या. घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. बाप गावात स्थिर झाला आणि त्रिंबक शेतकरी झाला, पण चालताना अजून तो पुढं कळप असल्यासारखा हळूहळू चालतो.

त्रिंबकासारखा मुखदुर्बळ माणूस शोधून सापडायचा नाही. ग्रामसभेत हात वर करायचा झाला तर आधी शेजाऱ्याचा वर गेलेला बघतो आणि मग आपला अर्धा उचलतो. दुकानात साखर मागितली आणि दुकानदारानं चुकून मीठ बांधून दिलं, तर तो मीठ घेऊन घरी येतो. त्याची बायको गोपिकाबाई मग तीच पुडी घेऊन दुकानात जाते आणि दुकानदाराला तिथंच दोन शब्द सुनावून साखर आणते.

असा हा माणूस पंचक्रोशीत ओळखला जातो तो मात्र भाषणासाठी. तेही फक्त मयतीच्या.

ह्या भागात अग्नी दिला की लोक लगेच उठत नाहीत. स्मशानातच जागा बघून खाली बसतात आणि चार जण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. एक पुढारी, एक गुरुजी, एखादा पाहुणा. शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात आणि घराकडं वळतात. बावीस वर्षांपूर्वी काकासाहेब नावाचा म्हातारा मेंढपाळ वारला, तेव्हा बाहेरगावच्या एका पुढाऱ्यानं त्याला शिक्षणप्रेमी आणि सहकारातला दीपस्तंभ करून टाकलं. काकासाहेबानं आयुष्यात शाळेची पायरी चढली होती ती एकदाच, आत शिरलेलं मेंढरू बाहेर काढायला. त्रिंबकाला ते ऐकवेना. तो उभा राहिला आणि म्हणाला, "काकासाहेबाची एकशेचाळीस मेंढरं होती. रात्री एखादं खोकलं, तर कोणतं खोकलं ते काकासाहेब झोपेतून नाव घेऊन सांगायचे." एवढंच बोलून तो खाली बसला. बसलेली सगळी माणसं रडली. पुढाऱ्यानंही डोळे पुसले.

तेव्हापासून हे काम त्रिंबकाच्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला जिवापाड आवडलं. त्याची पद्धत ठरलेली होती. माणसाची एकच गोष्ट सांगायची. ती खरी पाहिजे, बसलेल्यांना पटली पाहिजे, आणि दुसऱ्या कोणाच्या नावावर चालता कामा नये. "मनमिळाऊ" हा शब्द त्यानं बावीस वर्षांत एकदाही वापरला नाही. अशी गोष्ट काही आयत्या वेळी सापडत नाही. म्हणून तो जिवंत माणसांकडं बघत राही. पारावर, बाजारात, पाणी भरताना. कोण कसा बसतो, कोण कोणाला काय देतो, सगळं डोक्यात ठेवी. ह्या कामाचा मोबदला म्हणून काही घेणं त्याच्या मनातही आलं नाही. सुतकाच्या घरी तर चहासुद्धा मिळत नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. ते त्रिंबकाला जपू लागले. सर्जेराव म्हणून ऐंशीचे गृहस्थ आहेत, ते आठवड्याला तांब्याभर ताक पाठवत आणि मागोमाग स्वतः येत.

"त्रिंबका, बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत पडलेली गाय मी काढल्ती. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय, दादा."

त्रिंबक ती गोष्ट वापरू शकत नव्हता. गाय एकच होती आणि ती काढणारे आत्तापर्यंत पाच जण येऊन गेले होते.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र रखमाजी तात्यांची होती. तात्या म्हणजे ह्या गावचे भांडणाचे ठेकेदार. बांधावरून भांडण, पारावरच्या सावलीवरून भांडण, देवळाच्या भोंग्यावरून भांडण, सकाळच्या काळीपिवळी जीपमधल्या जागेवरून भांडण, आणि समोर कोणीच नसलं तर रेडिओवरच्या बाजारभाव सांगणाऱ्याशी भांडण. तात्या दर महिन्याला येऊन विचारीत, "माझ्यावर काय बोलशील रे?"

"विचार चालू हाय, तात्या."

"दहा वर्सं झाली विचार चालू हाय!"

मग तात्यांनी स्वतःच एक पुण्यकर्म करायचं ठरवलं. फाट्यावर पाण्याचा रांजण ठेवला. चार दिवस लोक पाणी प्याले. पाचव्या दिवसापासून तात्या रांजणाशेजारी खुर्ची टाकून बसू लागले आणि झाकण नीट न ठेवणाऱ्याशी, पेला उष्टा करणाऱ्याशी, न पिताच पुढं जाणाऱ्याशी भांडू लागले. रांजणाचं पाणी थंड होतं, पण लोक तहानलेले घरी जाऊ लागले. त्रिंबकानं ही गोष्टही बाजूला ठेवली.

गोपिकाबाईला ह्या सगळ्याचा वैताग होता. तिच्या घराला अजून पत्रे होते. उन्हाळ्यात दुपारी त्या घरात बसलं की माणूस भाजून निघे. तिच्या बरोबरीच्या बायांच्या घरांवर स्लॅब पडून वर वाळवणाला जागा झाली होती.

"मेलेल्या माणसाचं कौतुक करून राह्यले तुम्ही," ती म्हणे, "अन् जित्या बायकोचं डोस्कं शिजून राह्यलं पत्र्याखाली."

त्रिंबक शेळ्यांना पाणी दाखवायला उठे.

अशात करण आला. करण म्हणजे त्रिंबकाच्या बहिणीचा मुलगा. घनसावंगीत लग्नांचं सगळं काम घेतो. मांडव, जेवण, फोटो, वाजंत्री आणि माइकवर बोलणारा माणूसही पुरवतो. त्याचा माइकवाला सीझनच्या तोंडावर पुण्याला निघून गेला होता.

"मामा, तुमचा आवाज म्हणजे पाच हजारांचा आवाज हाय," करण म्हणाला. "एका लग्नाचे पाच हजार. सीझनमध्ये तीस लग्नं. जेवण, जाकीट, फेटा माझ्याकडून."

गोपिकाबाईनं लाटलेली पापडी हातातच धरली. तीस गुणिले पाच हा हिशोब तिला पापडी खाली ठेवायच्या आत आला होता.

"पण एक अट हाय, मामा. मयतीला बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई. काल ज्या आवाजात 'आत्म्यास शांती लाभो' ऐकलं, त्याच आवाजात आज 'शुभमंगल' ऐकलं तर वऱ्हाड घाबरतं."

त्रिंबकानं बायकोकडं पाहिलं. ती छताकडं बघत होती. त्यानं अर्धा हात वर केला. आठवडाभरात करणनं उचल दिली आणि गोपिकाबाईनं स्लॅबसाठी दारात खडी टाकून घेतली. काळी, टोकदार, कमरेएवढी उंच खडी. रोज सकाळी घराबाहेर पडताना त्रिंबकाला तिला वळसा घालून जावं लागे.

लग्नातलं काम अवघड नव्हतं, पण विचित्र होतं. करण एक कागद हातात द्यायचा. त्यावर आलेल्या मान्यवरांची नावं आणि प्रत्येकाच्या आधी लावायचं विशेषण. दानशूर, कर्तव्यदक्ष, युवकांचे आशास्थान. एका लग्नात अठरा दानशूर होते आणि तरी आहेराच्या टेबलावर शुकशुकाट होता. कोणतं विशेषण कोणाचं, हे त्रिंबकाच्या लक्षात राहीना, कारण ते कोणालाही लावलं तरी चालत होतं. एकदा त्यानं आपल्या पद्धतीनं जायचं ठरवलं. पहिल्या रांगेत बसलेल्या, रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराच्या कानाशी वाकून त्यानं विचारलं, "साहेब, तुमची एखादी खरी गोष्ट सांगा ना." गुत्तेदाराच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "कोणी पाठवलं तुम्हाला?" असं विचारून तो न जेवताच निघून गेला. तेव्हापासून त्रिंबक मुकाट्यानं कागद वाचू लागला.

तरी पैसा येत होता. गोपिकाबाई खुशीत होती. ती त्याचं जाकीट स्वतः इस्त्री करून देई, आणि असं तिनं लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतं, कारण इस्त्री करावी असं काही त्याच्याकडं नव्हतंच. ती खुश आहे हे बघून त्रिंबकालाही बरं वाटे. फक्त काळीपिवळीतून घनसावंगीला जाताना स्मशानाजवळून गाडी गेली की तो दुसरीकडं बघे.

मार्चमध्ये गावात एक जण वारला. त्रिंबक गेला, खांदा दिला आणि मागं उभा राहिला. एका पोरानं मोबाइलवरून श्रद्धांजली वाचली. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे. एप्रिलमध्ये दुसरा वारला. त्याच पोरानं तेच वाचलं आणि घाईत नावही मागच्याचंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव सात-आठ म्हाताऱ्यांना घेऊन त्रिंबकाच्या दारात आले. बसायला जागा नव्हती म्हणून काही जण खडीवरच टेकले.

"त्रिंबका," सर्जेराव म्हणाले, "हे बराबर न्हाई. इतकी वर्सं आम्ही तुझ्या भरवशावर नीट वागलो."

"दादा, सीझनपुरतंच हाय..."

"सीझन कधी संपतो?"

"जूनमध्ये. मंग परत दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की सुरू."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "म्हंजे पावसाळ्यात मरावं लागंल," एक जण म्हणाला. "पावसाळ्यात लाकडं वल्ली असतात रे."

"आम्ही आपलं मरण पुढं ढकलून राह्यलो," सर्जेराव म्हणाले. "पण ढकलायला बी ताकद लागती."

आतून गोपिकाबाई बाहेर आली. "दादा, त्या खडीवरून उठा. घसरून पडाल, अन् मंग आजच भाषण लागंल." म्हातारे उठले. त्यांच्यात रखमाजी तात्याही होते. जाता जाता ते एकटेच मागं राहिले. मग तेही गेले, आणि तात्या न भांडता गेले, ह्याचीच त्रिंबकाला दिवसभर रुखरुख लागून राहिली. आपण पैशासाठी ह्या माणसांना तोंडघशी पाडतोय, असं त्याला वाटे. आणि बायकोच्या डोक्यावर बावीस वर्षं पत्रे ठेवले, असंही त्याला तेवढ्याच जोरानं वाटे. दोन्ही खरं होतं. त्यामुळं झोप येत नव्हती.

मे महिन्यात तात्यांच्याच नातीचं, आकांक्षाचं लग्न निघालं. पोरगी जालन्याला नर्स होती. लग्न घनसावंगीच्या मंगल कार्यालयात, मुहूर्त बारा पस्तीसचा, काम करणकडं. सगळं गाव काळीपिवळ्या भरभरून आलं. गोपिकाबाईही बायांच्या बाजूला, कूलरसमोरची खुर्ची धरून बसली.

तात्यांच्या मुलानं दिलेल्या कागदावर एकतीस मान्यवरांची नावं होती. तात्यांचं नाव नव्हतं. नाव घेतलं तर बाप स्टेजवर येईल, आणि आला तर भांडेल, ही मुलाला धास्ती. तात्या नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत ताठ बसले होते. प्रत्येक नावाला ते थोडे पुढं सरकत आणि नाव दुसऱ्याचं निघालं की मागं टेकत. एकतीस वेळा ते पुढं-मागं झाले.

मुहूर्त टळला. एक वाजला, सव्वा वाजला. एक साहेब यायचे होते आणि त्यांची गाडी दुसऱ्या लग्नात अडकली होती. साहेब आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत, असं नवऱ्याच्या बापानं सांगून ठेवलं होतं. नवरा-नवरी सोफ्यावर बसून घामानं निथळत होते. करणनं खालून हातवारे केले. "मामा, बोलत ऱ्हा! माइक बंद नका पडू देऊ!"

त्रिंबकानं एकतीस नावं पुन्हा वाचली. विशेषणं ह्या वेळी खालून वर लावली. कोणाच्या लक्षात आलं नाही. कागद संपला. तो नुसता उभा राहिला.

तेव्हा तात्या उठले. काठी टेकत थेट स्टेजखाली आले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलले, "त्रिंबका, दुपारची वेळ हाय, तुझ्याकडं माइक हाय, सगळं गाव बसलेलं हाय. माझं भाषण आत्ताच करून टाक."

"तात्या, अवो लग्न हाय हे..."

"मंग मी मेल्यावर बोलशील का?"

त्रिंबकानं करणकडं पाहिलं. करणनं दोन्ही हातांनी नको म्हटलं. त्रिंबकानं तात्यांकडं पाहिलं. तात्या भांडत नव्हते. विचारत होते. आणि दहा वर्षं विचार करूनही त्रिंबकाकडं ह्या माणसाची सांगण्यासारखी एक गोष्ट नव्हती.

मागून मुंडावळ्या बाजूला सारत आकांक्षा म्हणाली, "त्रिंबक काका, इकडं या. मी सांगते."

तो वाकला. ती त्याच्या कानाशी पाच मिनिटं बोलली. नवरदेव शेजारी बसून ऐकत होता आणि त्याचे डोळे मोठे मोठे होत होते. मग त्रिंबक माइकपाशी आला. त्याला कार्यालय दिसेना, कूलरचा आवाज ऐकू येईना. तो स्मशानातल्या आपल्या हळू, खालच्या आवाजात बोलू लागला.

"रखमाजी तात्या भांडखोर होते."

बायांच्या बाजूला कोणीतरी 'अगं बाई' म्हटलं. तात्यांनी मान डोलावली.

"सकाळी साडेसहाच्या काळीपिवळीत जागेवरून ते रोज भांडायचे, हे सगळ्या गावाला माहीत हाय. सगळ्यांत आधी गाडीत चढायचे. मधल्या सीटवर धोतर पसरून आडवे बसायचे. जो कोणी तिथं टेकायला येईल त्याला शिव्या द्यायचे. मी सोता खाल्ल्यात. मी तीन वेळा मागं लोंबकळत गेलो. अन् गाडी निघायची वेळ झाली की तात्या उतरून घरी जायचे. आपण म्हणायचो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. जायचं कुठंच न्हाई, अन् जागा अडवून भांडतो. पण ते उतरले की त्या सीटवर कोण बसायचं, ते आपण कोणी पाह्यलं न्हाई. मी बी न्हाई. गावच्या चार पोरी बसायच्या. पोरींना गाडीवाले जागा देत नव्हते अन् गर्दीत उभं राहून जायला घरचे पाठवत नव्हते. त्या चार पोरींचं कॉलेज तात्यांनी सात वर्सं, रोज सकाळी, धोतराखाली धरून ठेवलं. आज त्यातली एक हितं बसली हाय. तात्यांनी आयुष्यात लई भांडणं केली. त्यातलं हे एक आपल्याला कळलं न्हाई."

मांडवात कूलर तेवढे घरघरत होते. सर्जेराव उपरण्यानं नाक पुसत होते. आणि बावीस वर्षांची सवय त्रिंबकाच्या तोंडातून आपोआप बाहेर पडली.

"आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून तात्यांना श्रद्धांजली वाहावी."

आणि सगळं गाव उठलं. गाव उठलं म्हणून नवऱ्याचं वऱ्हाड उठलं. आचारी झारे हातात घेऊन दारात थांबले. वाजंत्रीवाल्यांनी टोप्या काढल्या. नवरा-नवरी सोफ्यावरून उभे राहिले. आणि सगळ्यांच्या पुढं, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून, डोळे मिटून रखमाजी तात्या स्वतःच्या श्रद्धांजलीला उभे राहिले.

नेमके तेवढ्यात साहेब आले.

दारात पाऊल टाकलं तर बाराशे माणसं माना खाली घालून उभी. साहेब मुरलेले होते. त्यांनी गॉगल काढला, चेहरा उतरवला, हात जोडून स्टेजवर चढले आणि त्रिंबकाच्या हातातला माइक घेऊन म्हणाले, "घडलेली घटना अत्यंत दुःखद आहे. ह्या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. नियतीपुढं कोणाचं चालत नाही." मग त्यांनी नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला धीर दिला.

नवऱ्याचा बाप ओरडत पुढं आला. अपशकुन झाला, लग्न थांबवा, हा माइकवाला कोणी आणला. त्याच्यामागून त्याचे भाऊ आले. करण खुर्च्यांच्या मागं दिसेनासा झाला.

तात्यांनी डोळे उघडले. काठी आपटली.

"अवो पाव्हणं! मेलोय मी, अन् तुम्ही कशाला रडून राह्यले? माझ्या मयतीत मला तक्रार न्हाई, तुम्हाला काय तरास हाय? जल्दी अक्षता टाका, न्हाईतर मी उठून बसलो तर लई वंगाळ व्हईल!"

पहिल्यांदा नवरदेव हसला. मग आकांक्षा. मग बायांची सगळी बाजू. नवऱ्याचा बाप काही वेळ कोणाकडं रागावून बघावं हे शोधत राहिला आणि शेवटी तोही हसला. लग्न दोन वाजून वीस मिनिटांनी लागलं. श्रद्धांजलीमुळं उशीर झाला असं कोणी म्हणालं नाही. तो आधीच पुरेसा झाला होता.

जेवणं चालू असताना करण त्रिंबकाला शोधत आला. त्रिंबकानं आधीच जाकीट काढून घडी करून ठेवलं होतं.

"मामा, मी आधी म्हटलं, संपलो मी. पण आत्ता तीन पाव्हण्यांनी विचारलं. आमच्या बी आजोबावर असंच बोलायचं म्हणतात! श्रद्धांजली सोडून, बाकी सेम. आठ हजार देतो. आजोबांचं वेगळं पॅकेजच करू!"

आठ हजार. आणि काम तेच, आपलं आवडीचं. त्रिंबकानं पत्रावळीतली बुंदी बाजूला सारली.

"करण, तात्यांची गोष्ट सापडायला मला दहा वर्सं पुरली न्हाईत. शेवटी मला सापडलीच न्हाई, पोरीला सापडली. ह्या पाव्हण्यांच्या आजोबांना मी पाह्यलेलं बी न्हाई. बारा वाजता भेटायचं अन् साडेबाराला काय सांगायचं?"

"काय बी सांगा! कोण तपासायला येतं?"

"आमच्या तिथं सगळे तपासायला बसलेले असतात रे," त्रिंबक म्हणाला. "म्हणून तर मजा हाय." आणि जाकीट त्यानं करणच्या हातात दिलं. आयुष्यात दुकानदाराला मीठ परत करता न आलेल्या माणसानं एवढं केलं, ह्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

ते नवल परतीच्या गाडीत बसेपर्यंत टिकलं. गोपिकाबाई शेजारी बसली होती. नऊ किलोमीटर. गाडीतल्या सगळ्या बाया तात्यांच्या गोष्टी सांगत होत्या आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. त्रिंबकानं मनात वाक्यं जुळवली. काम सोडलं. खडी विकू. उचल फेडू. पत्र्यांवर पाचट टाकू. एकही वाक्य तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, भाकरीचं पीठ मळलं आणि मग विचारलं, "करणला न्हाई म्हटलं ना?"

"कोणी सांगितलं?"

"जाकीट न्हाई अंगात." तिनं भाकरी थापायला घेतली. "बावीस वर्सं तुम्ही मसणात हे करून राह्यले?"

"हो."

"असंच?"

"असंच. श्रद्धांजलीसहित."

"अन् आम्ही बाया घरी पिठलं शिजवून राह्यलो." भाकरी तव्यावर पडली. "मला वाटायचं, पुढाऱ्यावानी काहीतरी बडबड करत असाल. मी तुमचं आज पहिल्यांदा ऐकलं. बायांना तिथं येऊ देतं कोण?"

हे त्रिंबकाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. माणसांवर एवढी नजर ठेवणाऱ्या त्याला, जिच्या हातची भाकरी रोज खाल्ली तिनं आपलं एकही भाषण ऐकलेलं नाही, हे दिसलं नव्हतं.

"बायांवर काय बोलता?" तिनं विचारलं.

"बोलतो ना. संसार नेटका केला, लेकरांना वळण लावलं, दारी आलेल्या पाव्हण्याला उपाशी जाऊ दिलं न्हाई."

"कोणत्या बाईवर?"

त्रिंबक चाचरला. "सगळ्याच."

"सगळ्याच? तुमच्या आईवर बी हेच?"

"हो."

गोपिकाबाईनं कपाळाला पिठाचा हात लावला. "अवो, सासूबाई पाव्हणा दिसला की आतून कडी लावायच्या! मला म्हणायच्या, गोपे, खोकू नको, जातील आपोआप."

त्रिंबकाला हसू आलं आणि लाजही वाटली. आईच्या मयतीला बसलेली सगळी माणसं ते वाक्य ऐकून का खाली बघत होती, ते त्याला आत्ता कळलं.

"पत्र्याचं मी बघते," ती म्हणाली. "दोन शेळ्या कमी करू, करणची उचल फिटंल. खडी सर्जेरावदादाला पाहिजे, गोठ्याला. पण माझी बी एक अट हाय. बाई गेली की तिथं बोला, अन् तेराव्याला घरी परत बोला. आमच्यासमोर. अन् ती तीन वाक्यं पुन्हा काढली तर मी मधून उठून बोलंन."

"पण मला बायांचं काय ठावं हाय?"

"इचारा ना मंग. सासूबाईंचंच ऐका. मेंढरं घेऊन गंगथडीला जाताना त्यांच्या एका काखेत कोकरू असायचं अन् एका काखेत तुम्ही. चालून चालून हात भरून आले की तुम्हाला खाली ठेवायच्या, कोकराला न्हाई. मी इचारलं, असं का हो? तर म्हणाल्या, कोकराला खाली ठेवलं की रडतं, अन् मंग सगळा कळप थांबतो. माझा त्रिंबक गुमान बसतो. त्याला मी खाली ठेवलं तरी कोणाला कळत न्हाई, म्हणून मीच दर दहा पावलाला मागं वळून बघते."

त्रिंबक चुलीपाशी बसून राहिला.

गोपिकाबाई पुढं काकासाहेबाच्या बायकोचं सांगू लागली, मग तिच्या जावेचं. तव्यावरची भाकरी धुरकटली. ती बोलायची थांबत नाही हे पाहून त्रिंबकानंच हात घातला, बोटं पोळून घेतली, भाकरी उलटली आणि म्हणाला, "अन् त्या जावेचं पुढं काय झालं?"